कारणाचा रकाना

४ मार्च

प्रति,
विभागातील सर्व खाजगी वैद्यकीय व्यावसायिक

विषय : उष्म्यामुळे होणारे आजार व मृत्यू यांची साप्ताहिक माहिती देणेबाबत.

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, यंदापासून विभाग हवामान कक्षातर्फे उष्म्याशी संबंधित आजार व मृत्यू यांची नोंद ठेवण्यात येत आहे. गेल्या तीन उन्हाळ्यांत विभागातील एकाही खाजगी दवाखान्यातून उष्म्याने झालेल्या मृत्यूची नोंद प्राप्त झालेली नाही. तरी सोबतचा नमुना भरून दर सोमवारी पाठवावा. माहिती निरंक असल्यास तसे नमूद करावे.

आपली विश्वासू,
जान्हवी धुरी
पर्यावरण व्यवस्थापक, विभाग हवामान कक्ष

---

आजगावकर दवाखाना, घाटकोपर (पश्चिम)
१० मार्च

व्यवस्थापकबाई,

तुमचा नमुना पोचला. अकरा रकाने आहेत. एका शब्दात भरतो : निरंक. गेली एक्केचाळीस वर्षं निरंक, आणि मी दवाखान्याला कुलूप लावेपर्यंत निरंकच राहणार. का, ते सरकारी लोक विचारत नाहीत, पण समजा तुम्ही विचारलंत.

इथल्या टेकडीवरच्या वस्तीत माणूस गेला की घरचे मला बोलावतात. मी नाडी बघतो, डोळ्यांत बॅटरी मारतो आणि कारणाच्या रकान्यात लिहितो, 'हृदयक्रिया बंद पडून'. खोटं नाही ते. गेलेल्या प्रत्येकाची हृदयक्रिया बंदच असते. त्या कागदावर दोन तासांत स्मशानातली पावती फाटते आणि पोरं बापाला खांदा देऊन मोकळी होतात. त्याजागी 'उष्माघात' लिहिलं की तो साधा मृत्यू राहत नाही. पोलीस येतो, पंचनामा होतो, प्रेत शवागारात जातं. शनिवार असला तर सोमवारपर्यंत तिथेच. बायको बाहेर फुटपाथवर बसून राहते. गेलेल्या माणसाला कापून तुम्हाला एक आकडा मिळणार. हा धंदा मला जमायचा नाही.

डॉ. श्यामसुंदर आजगावकर

ता. क. धुरी म्हणजे टेकडीवरच्या दशरथ धुरीची कोण? मुलगी असलीस तर तुझी गालगुंडं मीच बघितली होती, आणि इंजेक्शन दिल्यावर तू माझ्या हाताला कडकडून चावली होतीस.

---

बोरिवली
१४ मार्च

डॉक्टरकाका,

चावले होते. तीच मी. आई अजून सांगते, डॉक्टरांनी ओरडायचं सोडून तुला श्रीखंडाची गोळी दिली म्हणून.

हे पत्र बाबांच्या हाती देते आहे. दर शनिवारी बीपी मोजायला ते तुमच्याकडे येतातच, आणि रविवारी मी टेकडीवर जाते. ऑफिसच्या मेलवर लिहिलं की चार जण वाचतात आणि पाचवा वर पाठवतो. मला तुमच्याशी नीट बोलायचं आहे.

आधी मी अंधेरीच्या एका कंपनीत होते. बिल्डरांचे पर्यावरण अहवाल लिहायचे. जी झाडं तोडायची, तीच मोजायला मला पाठवायचे. सहा वर्षं ते केलं आणि मग लाज वाटून सोडलं. या कक्षात पगार कमी आहे, खुर्चीचं एक चाक गायब आहे, पण इथे काहीतरी करता येईल असं वाटलं. मागच्या मे महिन्यात टेकडीवरच्या तीस घरांत तापमापक टांगले. बातम्यांत पस्तीस सांगत होते तेव्हा पत्र्याखाली त्रेचाळीस होतं. बांधकामाच्या साइटवर त्याहून जास्त, आणि वर दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे शरीराला थंड व्हायचा रस्ताच बंद.

मी प्रस्ताव केला : एप्रिल-मे दुपारी बारा ते चार उघड्यावरचं बांधकाम बंद, प्रत्येक साइटवर सावलीची खोली आणि पाणी. फाइल तीनदा परत आली. शेरा तिन्ही वेळा एकच. 'विभागात उष्म्याने मृत्यूची नोंद नाही, सबब आवश्यकता दिसून येत नाही.' आमचे कक्षप्रमुख मिहिरसर वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, जान्हवी, मला एक नोंद दे, एकच, पुराव्यासकट. महिन्याभरात आदेश काढून दाखवतो.

काका, ती नोंद तुमच्या पेनात अडकली आहे.

बाबा मजेत आहेत ना? दुपारी समाजमंदिरात पत्ते कुटतात म्हणे. गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदाच माणूस निवांत बसलाय.

जान्हवी

---

घाटकोपर
२४ मार्च

चि. जान्हवी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पोरगी शिकली, बोलायलाही शिकली. पण कशात काय आणि फाटक्यात पाय. तुझा आदेश निघेल तेव्हा निघेल, प्रेत मात्र आजच दारात असतं.

तरी एक सांगतो. गेल्या बुधवारी जया गेली. तू ओळखत असशील, पाण्याच्या टाकीशेजारी माळ्यावर राहायची, पापड लाटायची. वय पन्नास. पापडाला वारा चालत नाही म्हणून पंखा बंद ठेवायची. मी गेलो तेव्हा जाऊन पाऊण तास झाला होता. डोळ्यांच्या पापण्या उचलायला कपाळावर हात ठेवला आणि चटका बसला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं कपाळ होतं. मी हृदयक्रिया लिहिलं. साडेपाचला तिला नेलं, सातला टेकडीवर चुली पेटल्या.

हे तुझ्या नमुन्यात भरायला नाही सांगत. तुला सांगतोय, कारण त्या दिवसापासून मला नीट जेवण जात नाही आणि हे सीतारामला सांगून उपयोग नाही. तीस वर्षं माझा कंपाउंडर आहे, त्याला वाटतं डॉक्टरांना पित्त झालंय.

तुझ्या बापाला दुपारी घरात बसव. माझं तो ऐकत नाही. पत्ते काय संध्याकाळीही खेळता येतात.

श्यामसुंदरकाका

---

बोरिवली
३० मार्च

डॉक्टरकाका,

तुमच्यावर रागावले आहे आणि राग लपवणार नाही. हाताला चटका बसला हे मला पत्रात कळवता आणि सरकारी कागदावर हृदय लिहिता! जयामावशीकडून मी पापडाच्या लाट्या खाल्ल्या आहेत. ती हृदयाने गेली नाही. तिला पंखा बंद करून पोट भरावं लागत होतं म्हणून गेली, आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी कुणी विचारलं तर कागद सांगेल की टेकडीवर सगळं आलबेल होतं.

तुम्ही त्या घराला दोन दिवसांच्या त्रासातून वाचवलंत, मान्य. पण तुमच्यासारखे दयाळू डॉक्टर या विभागात शंभर आहेत काका. शंभर जणांच्या दयेची बेरीज शून्य येते आणि त्या शून्यावर माझी फाइल परत येते. एकदाच, फक्त एकदा खरं लिहा. हात जोडते.

बाबांना सांगितलं दुपारी घरात बसा म्हणून. ते काळवंडलेत हे खरं. मी विचारलं, पत्ते खेळून माणूस काळा पडतो का हो? तर म्हणाले, तुझी आई गच्चीवर सांडगे घालते, ते कावळ्यांपासून राखत बसतो. आई तिकडून मान हलवत होती. सांडग्यांसाठी उन्हात बसणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. छत्री दिली आहे.

जान्हवी

---

घाटकोपर
१८ एप्रिल

जान्हवी,

तुला हवं होतं ते केलं. आता ऐक.

अकरा तारखेला दुपारी शिवदासला आणलं. सेंटरिंगच्या कामावर होता, लोखंड बांधायचा. वय एकतीस. आणला तेव्हाच संपलेला होता. सोबतच्या दोघांनी सांगितलं, सकाळपासून बडबडत होता, मग घाम यायचा थांबला, मग पडला. मला काही शोधायला नको होतं. पेन उचललं आणि तुझं पत्र आठवलं. दाखला द्यायला मी नकार दिला. पोलीस ठाण्याला लिहून कळवलं, उष्माघाताचा संशय.

त्याची बायको सात महिन्यांची गरोदर. तिला वाटलं, मी पैसे मागतोय. मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं तिने. मी नको म्हटलं तर पाया पडायला वाकली, त्या अवस्थेत. पंचनाम्याला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सुट्टी. तिसऱ्या दिवशी प्रेत मिळालं तेव्हा गावी न्यायच्या लायकीचं उरलं नव्हतं. गावाकडे त्याची आई वाट बघत बसली होती. इथेच उरकलं.

आणि अहवाल? 'मृत्यूचे कारणाबाबत मत राखून ठेवले आहे.' दोन दिवस बर्फात ठेवलेल्या शरीरात उन्हाची काय खूण सापडणार? नोंद नाही, आदेश नाही, काही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

टेकडीवर आता म्हणतात, आजगावकर डॉक्टर प्रेत अडवतो. काल एक म्हातारी पायरीवरूनच परत फिरली. माझ्या एक्केचाळीस वर्षांचं राहू दे. ती पोरगी वाकली ते डोळ्यांसमोरून जात नाही.

श्यामसुंदर

---

बोरिवली
२३ एप्रिल

डॉक्टरकाका,

शिवदासच्या बायकोकडे जाऊन आले. तिच्या बहिणीने विचारलं, तुम्ही त्या डॉक्टरांकडच्या का? मी हो म्हटलं. तिने दार लावून घेतलं. बरोबर केलं.

दोन दिवस ऑफिसात गेले नाही. तिसऱ्या दिवशी जे केलं ते तुम्हाला आवडणार नाही, पण सांगते. शवागारातल्या डॉक्टरांना जाऊन भेटले. ते म्हणाले, आम्ही तरी काय करणार बाई, थंड झालेल्या शरीरात उष्माघात दिसत नाही. जिवंतपणी किंवा जाताक्षणी कोणीतरी शरीराचं आतलं तापमान घेतलेलं हवं. काखेतलं नाही, आतलं. वेळ लिहून, सही करून. सोबत तो कुठे होता, किती वेळ होता, हे सांगणारा एक साक्षीदार. एवढं असलं तर आम्ही बेधडक लिहू, आणि प्रेतही त्याच दिवशी देऊ.

मी चिठ्ठी छापून घेतली आहे. पंचवीस पाठवते. एक थर्मामीटरही, टोकाला निळं बटण आहे तो.

काका, मी निर्दयी झाले आहे का? शिवदासचं ऐकून आधी रडले. पण रडता रडता मनात आलं, तापमान घेतलं असतं तर. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

जान्हवी

---

घाटकोपर
२६ एप्रिल

चि. जान्हवी,

निर्दयी वगैरे काही नाही. मला पहिल्या वर्षी वाटायचं तसं तुला वाटतंय. डॉक्टरलाही वाटतं, आधी हे बघायला हवं होतं, ते बघायला हवं होतं. तुझा रुग्ण जरा मोठा आहे, अख्खा विभाग.

थर्मामीटर टेबलावर ठेवला आहे, चिठ्ठ्या त्याच्याखाली. वापरेन. ज्या पोरीने मंगळसूत्र काढून ठेवलं, तिच्यासाठी तरी एकदा हे तडीस नेईन. सीतारामलाही शिकवून ठेवलं आहे.

आता दुसरं. तुला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती माझी नाही. ज्याची आहे तोच हे पत्र तुझ्याकडे आणतोय. मी शब्द देऊन बसलो आहे आणि डॉक्टरला शब्द मोडता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत आहे. दशरथला समोर बसव, डोळ्यांत बघ आणि विचार. हसून उडवायला लागला तर ऐकू नकोस.

श्यामसुंदरकाका

---

बोरिवली
२८ एप्रिल

डॉक्टरकाका,

विचारलं. तुमचं पत्र त्यांच्यासमोरच वाचलं आणि म्हटलं, बाबा, काय लपवताय? आधी हसले. मी उठले नाही तेव्हा खाली बघून म्हणाले, गोळ्या चुकवतो गो. पाण्याची गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं, चारचौघांत उठावं लागतं, म्हणून टाळतो. डॉक्टरनी पकडलं मला.

मी खूप रागावले. मोठ्याने बोलले, आई मध्ये पडली. मग मीच बाजारात जाऊन वारांची नावं असलेली डबी आणली आणि आठवड्याच्या गोळ्या भरून दिल्या. सकाळच्या कप्प्यात पाण्याची गोळी. आईला बजावलं, समोर उभी राहून घ्यायला लाव.

तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. थँक्यू काका. यापुढे असं काही असलं तर शब्दबिब्द बाजूला ठेवून सरळ मला कळवा.

जान्हवी

---

दवाखाना
३ मे, दुपारी पावणेपाच

जान्हवी,

फोनवर तुला फक्त 'घरी ये' एवढंच म्हणालो. उरलेलं तुझ्या आईसमोर बोलता येणार नाही म्हणून लिहितो. सीताराम हे तुझ्या हातात देईल. बाजूला जाऊन वाच.

दशरथ पत्ते खेळत नव्हता. सांडगेही राखत नव्हता. पोस्टामागच्या गल्लीत जो टॉवर चढतोय, त्याच्या फाटकावर जानेवारीपासून सिक्युरिटीची ड्युटी करत होता. सकाळी आठ ते संध्याकाळी चार. पत्र्याची केबिन, आत एक खुर्ची. तुझ्या आईला माहीत होतं, मला माहीत होतं. तुला कळू द्यायचं नाही म्हणून त्याने आम्हा दोघांना शपथ घातली होती. म्हणायचा, पोरगी उन्हाचं काम करते, तिला कळलं तर घरी बसवील. बसून माणूस सडतो डॉक्टर. गिरणी बंद झाल्यावर सहा वर्षं बसलो होतो, ते दिवस पुन्हा नकोत.

गोळी तो खरंच चुकवत होता. ड्युटीवर लघवीला जायला जागा नाही म्हणून. तू डबी दिल्यापासून रोज घेत होता, तुझी आई समोर उभी असायची. ती गोळी शरीरातलं पाणी काढते. उन्हात बसणाऱ्याला ती देऊ नये, आणि तो उन्हात बसतो हे मला ठाऊक होतं. बंद करायला हवी होती, बदलून द्यायला हवी होती. माझी चूक आहे, तुझी नाही. हे वाक्य पुन्हा वाच.

दोन वाजून चाळीसला दोन मजुरांनी रिक्षातून आणलं. श्वास होता. मला ओळखलं नाही. कातडी कोरडी, भाजल्यासारखी. दोन बेचाळीसला आतलं तापमान घेतलं, एकशे सात पूर्णांक सहा. रसवंतीवाल्याकडचा सगळा बर्फ सीताराम घेऊन आला, मानेला, काखेत, जांघेत लावला. सलाईन चालू केलं. ॲम्ब्युलन्स सिग्नलला अडकली होती. तीन वाजून दहा मिनिटांनी गेला.

तुझी चिठ्ठी पूर्ण भरली आहे. वेळ, तापमान, सही. आणणाऱ्या दोघांपैकी एकजण साक्षीदार म्हणून सही करून गेला, नोकरी जाईल हे माहीत असून. तू सांगितलेलं सगळं आहे. शवागारातल्या डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, पाठवा, आज रात्रीच मोकळं करतो, कारण स्पष्ट लिहितो.

साइटचा सुपरवायझर येऊन बसला होता. "साहेब, वय झालं होतं ना त्यांचं. अटॅक लिहा ना. कशाला उगाच त्या बाईला पोलिसांच्या पायऱ्या?" माझे जुने शब्द त्याच्या तोंडून ऐकले. त्याला हाकलला.

मी अजून काही लिहिलेलं नाही. पोलीस ठाण्याला कळवायचा कागद आणि नेहमीचा दाखला, दोन्ही पुढ्यात आहेत. दशरथला घरी नेऊ दिलं आहे, तुझ्या आईसाठी. हे नियमात बसत नाही. सातपर्यंत मी इथे आहे. तू म्हणशील ते लिहीन.

गेल्या शनिवारी बीपी मोजताना मी त्याला म्हटलं होतं, दशरथ, पुरे कर आता. तो म्हणाला, "जान्हवीचो हुकूम निघांदे डॉक्टर, साइट बंद झाली की मी आपसूक घराक बसतलंय. तवसर ऱ्हवांदे." तुझी सगळी पत्रं पोचवली त्याने. एकही उघडलं नाही, पण काय चाललंय ते त्याला ठाऊक होतं.

श्यामसुंदर

---

३ मे, सहा वाजता

काका,

सीताराम दारात थांबले आहेत. तुमच्या पत्राच्याच मागे लिहिते.

आईला सगळं सांगितलं. एकच दिवस, रात्रीपर्यंत देतील, बाबांमुळे शंभर जण वाचतील, असं सगळं. जे तुम्हाला लिहिलं होतं तेच. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तेंका कापूक दिव नको गो. इले तसे सबंद जाव देत."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि बाबांकडे बघितलं. केस ओले होते, बर्फाच्या पाण्याने. शर्ट इस्त्रीचा होता. खिशात माझ्या बोरिवलीच्या घराची चावी.

हृदय लिहा.

जान्हवी

---

घाटकोपर
१७ मे

चि. जान्हवी,

तेराव्याला आलो होतो, तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. मी थांबलो नाही.

दाखला तू म्हणालीस तसा दिला. एक्केचाळीस वर्षं तो शब्द डोळे मिटून लिहीत होतो, त्या दिवशी हात चालेना. सीताराम म्हणाला, मी लिहितो, तुम्ही सही करा. तसं केलं.

तू स्वतःला खात असशील. मी तुला बरोबर किंवा चूक म्हणणार नाही, तो अधिकार मी त्याच दिवशी गमावला ज्या दिवशी तुझ्यापासून लपवलं. एप्रिलमध्ये शब्द मोडला असता तर दशरथ माझ्याशी बोलला नसता, पण जिवंत असता. हे माझं मला पुरेसं आहे.

भरलेली चिठ्ठी सोबत पाठवतो. फाडायला हात होईना. वाटलं तर वापर. मी खोटा दाखला दिला असं लेखी कबूल करायला तयार आहे. परवाना काढून घेतील, घेऊ देत. चौकशी होईल, तुझ्या आईला दोनदा ठाण्यात जावं लागेल. एवढं सोसायची तुमची तयारी असेल तर माझी आहे. नोंदींचा आढावा घेणारी महिनाअखेरीची तुमची सभा अजून व्हायची आहे, असं तूच मागे म्हणाली होतीस.

पोस्टाने पाठवतोय. वेळेत पोचेल ना, माहीत नाही.

श्यामसुंदरकाका

---

बोरिवली
२९ मे

डॉक्टरकाका,

पत्र वेळेत पोचलं. चिठ्ठी पर्समध्ये घेऊन सभेला गेले होते.

आदल्या संध्याकाळी आईला पुन्हा विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तू सांगशील थंय येतंय मी. पण पोलीस इचारतीत, घोव उन्हात बसता ह्या तुका म्हायत होता? मी काय सांगू?" मी तिला म्हटलं, काही सांगायला लागणार नाही. तिथेच ठरलं खरं तर. तरी चिठ्ठी घेऊन गेले.

सभेत एकेक विषय झाला. झाडं, नाले, पाण्याचे टँकर. मग मिहिरसरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बाबांचं माहीत होतं, म्हणजे अटॅक आला एवढंच. हळू आवाजात विचारलं, जान्हवी, उष्म्याचे मृत्यू? पर्स मांडीवर होती. चेन अर्धी उघडी होती. मला तुमचा दवाखाना दिसला, आई दिसली, शिवदासची बायको दिसली. तिच्या नवऱ्याला मी त्या शवागारात तीन दिवस ठेवलं आणि माझ्या बाबांना तीन तासही ठेवू दिलं नाही. तिला हे कळलं तर काय वाटेल, या विचाराने मला आता कुठे तोंड दाखवावंसं वाटत नाही.

मी म्हटलं, निरंक.

त्यांनी लिहून घेतलं. प्रस्ताव पुढच्या वर्षी बघू म्हणाले. कागदावर सही करायची असते, ती केली.

राजीनामा दिलेला नाही. दिला तर बरं वाटेल, आणि मला बरं वाटून घ्यायचं नाही. उद्यापासून पुन्हा दवाखान्यांना पत्रं पाठवायची आहेत. दुसऱ्या कुणाच्या बापासाठी मी पुन्हा हात जोडणार, खरं लिहा म्हणणार. कुठल्या तोंडाने, ते माहीत नाही. तुमच्यावर माझा राग नाही, पण इतक्यात दवाखान्यात येणार नाही.

सभा आटपून टेकडीवर जाताना पोस्टामागच्या गल्लीतून गेले. फाटकावर नवा माणूस बसवला आहे. बाबांच्याच वयाचा. केबिनच्या पत्र्याला हात टेकवून उभा होता, सावली बाहेर थोडी होती तिथे. मला म्हणाला, काय पाहिजे ताई? दुपारचे दोन वाजले होते. मी काही नाही म्हटलं आणि पुढे गेले.

जान्हवी